शंभर रुपयांतील खर्च : आगगाडी कंपन्यांचे हिशेब आणि भागधारक

एखाद्या मोठ्या कंपनीचे दहा-पांच शेअर ज्यांच्या घरीं आहेत, अशा गृहस्थांच्या हातीं वर्षांतून एकदां तिचा वार्षिक अहवाल पडतो. तो उघडतांच बहुतेकांची दृष्टि प्रथम लाभांशाच्या ओळीकडे धांव घेते. नंतर फार तर नफा गतवर्षापेक्षां वाढला कीं घटला एवढें पाहिलें जातें, आणि अहवाल बाजूस ठेवला जातो. परंतु नफा हा कांहीं स्वयंभू आंकडा नव्हे. उत्पन्नांतून खर्च वजा जातां जें उरतें, त्यास आपण नफा म्हणतों. तेव्हां नफ्याचा खरेखोटेपणा बहुतांशीं खर्चाच्या पानावर ठरत असतो. आणि नेमकें तेंच पान सहसा कोणी वाचीत नाहीं.

हें पान कसें वाचावें, हें समाजास एका दिवसांत कळलेलें नाहीं. त्यासाठीं असंख्य कुटुंबांच्या आयुष्यभराच्या ठेवी बुडाव्या लागल्या, चौकशीमंडळें बसावीं लागलीं, कायदे करावे लागले. हा इतिहास मुख्यतः आगगाडीच्या रुळांवर घडला असून त्याचा एक धागा आपल्या बोरीबंदरापर्यंत येऊन पोंचतो. आजच्या भाषणांत तो थोडक्यांत सांगण्याचा विचार आहे.

प्रथम आगगाडीच कां, हें पाहूं. जुन्या काळचा व्यापारी गलबत भरून माल परदेशीं पाठवी. गलबत परत आलें आणि माल विकला गेला, कीं हिशेब पुरा होई व नफा-तोटा हातावर मोजतां येई. आगगाडीचें तसें नव्हे. १५ सप्टेंबर १८३० रोजीं इंग्लंडांत लिव्हरपूल ते मँचेस्टर हा लोहमार्ग सुरू झाला आणि त्याच्या पाठोपाठ अनेक कंपन्या निघाल्या. या धंद्यांत रूळ, पूल, इंजिनें हीं पुष्कळ वर्षें टिकणार, पण रोज थोडीं थोडीं झिजणार. भांडवल पुरविणारे लोक हजारों, आणि कारभार पाहणारे मूठभर. धंदा तर कधींच संपावयाचा नाहीं. म्हणून दर सहा महिन्यांनीं मध्येंच एक रेघ ओढून ‘आतांपर्यंत नफा किती झाला’ हें ठरविणें भाग पडलें. ही रेघ कोठें ओढावयाची, या प्रश्नांतून पुढचे सारे तंटे निर्माण झाले.

आगगाडी चालविण्यास नित्य लागणारा जो खर्च, म्हणजे कोळसा, नोकरांचे पगार, मार्गाची डागडुजी, इंजिनें व डबे यांची दुरुस्ती, स्टेशनांचा व कचेरीचा खर्च, त्यास आपण चालू खर्च म्हणूं. नवा मार्ग बांधणें किंवा जादा इंजिनें घेणें हा भांडवली खर्च. चालू खर्च त्याच सालच्या उत्पन्नांतून वजा होतो. भांडवली खर्च तसा वजा होत नाहीं; तो मालमत्ता म्हणून ताळेबंदांत जाऊन बसतो. शंभर रुपये उत्पन्नामागें चालू खर्च किती झाला, हें प्रमाण आगगाडीच्या धंद्यांत फार जुन्या काळापासून काढण्यांत येतें. प्रमाण उतरलें कीं कारभार सुधारला, चढलें कीं बिघडला, अशी त्याची स्थूल समजूत.

ही समजूत अर्धीच खरी आहे. खर्चाचें प्रमाण तीन रीतींनीं उतरूं शकतें. एक, खरोखरीच काटकसर झाली. त्याच कोळशांत अधिक माल वाहिला गेला. दुसरी, दुरुस्ती पुढें ढकलली. रूळ बदलावयाचे ते बदललेच नाहींत. तिसरी, चालू खर्च भांडवली खात्यांत नेऊन टाकला. एका सालच्या कागदावर या तिन्ही गोष्टी सारख्याच दिसतात. तिन्हींत नफा वाढतो, तिन्हींत लाभांश वाढतो, आणि तिन्हींत अध्यक्षांचें अभिनंदन होतें. त्यांतला भेद उमगतो तो अनेक वर्षांचे हिशेब शेजारीं शेजारीं मांडल्यावरच.

याचा पहिला मोठा दाखला म्हणजे जॉर्ज हडसन. हा १८०० सालीं जन्मलेला, यॉर्क शहरांतील कापडाचा दुकानदार. १८३७ सालीं तो त्या शहराचा मेयर झाला आणि पुढें एकामागून एक आगगाडी कंपन्या त्याच्या हातीं आल्या. लोक त्याला ‘रेल्वेचा राजा’ म्हणत. १८४४ पासून दोन-तीन वर्षें इंग्लंडास रेल्वेचें जणूं वेडच लागलें होतें. एकट्या १८४६ सालीं पार्लमेंटानें नव्या लोहमार्गांचे अडीचशेंहून अधिक कायदे मंजूर केले. जमीनदार, पाद्री, विधवा, पेन्शनर, लहान दुकानदार, सर्वांनीं आपली पुंजी त्यांत घातली. १८४५ सालीं ईस्टर्न काउंटीज या दुबळ्या कंपनीच्या भागधारकांनीं मोठ्या आशेनें हडसन यास अध्यक्षपदीं बसविलें, आणि पाहतां पाहतां लाभांश वाढला. लोकांस वाटलें, हा मनुष्य परीस आहे.

परंतु १८४७ नंतर बाजार पडला, आणि लोक सुखांत असतां जे प्रश्न विचारीत नाहींत ते विचारूं लागले. १८४९ च्या फेब्रुवारींत हडसनच्याच दुसऱ्या एका कंपनीच्या सभेंत एका भागधारकानें छापील हिशेब पुढें ठेवून विचारलें, कीं अमुक शेअर कंपनीनें ज्या भावानें विकत घेतले, तो भाव बाजारांत कधींच नव्हता. मग ते विकले कोणी? ते विकले होते खुद्द हडसननें. एवढ्या एका प्रश्नानें किल्ल्याला भगदाड पडलें. ठिकठिकाणच्या भागधारकांनीं चौकशी समित्या नेमल्या. ईस्टर्न काउंटीजच्या चौकशींत निष्पन्न झालें तें असें, कीं लाभांश किती द्यावयाचा हें आधीं ठरे आणि हिशेब त्याप्रमाणें मागाहून तयार होई. उत्पन्न फुगवून दाखविण्यांत आलें होतें, आणि चालू खर्चाच्या रकमा भांडवलाच्या खात्यांत ढकलल्या होत्या. म्हणजे भागधारकांस जो लाभांश मिळाला, त्यांतला मोठा हिस्सा हा त्यांचाच एका खिशांतून काढून दुसऱ्या खिशांत घातलेला पैसा होता. हडसनचें वैभव ओसरलें. १८६५ सालीं तो कर्जापायीं यॉर्कच्या तुरुंगांतही जाऊन आला, आणि १८७१ सालीं वारला.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. हडसनच्या लबाडीस वाव मिळाला, तो त्या काळीं सज्जनांनाही खरें उत्तर ठाऊक नव्हतें म्हणून. रूळ किती वर्षें टिकतो? आरंभीं पुष्कळांची समजूत होती, कीं किरकोळ डागडुजी होत राहिली म्हणजे मार्ग जवळजवळ कायमचाच. परंतु इंजिनें अधिकाधिक जड झालीं, वेग वाढला, गाड्या वाढल्या, आणि लोखंडी रूळ अपेक्षेच्या फार आधीं फाटूं लागले. लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न या त्या काळच्या बलाढ्य कंपनीचे व्यवस्थापक कॅप्टन मार्क ह्यूइश यांनीं १८४९ आणि १८५३ सालीं इंजिनें, डबे व मार्ग यांच्या झिजेविषयीं सविस्तर अहवाल लिहिले. १८५० सालीं डायोनिशियस लार्डनर यांनीं रेल्वेच्या अर्थकारणावर आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांतही झीज आणि चालू खर्च यांची फोड करून दाखविली आहे. ज्याला आपण आज घसारा म्हणतों, त्याची जाणीव या वादांतून स्पष्ट होत गेली. झीज ही आज पैसे न मागणारी, पण उद्यां निश्चित मागणारी सावकारीण आहे. तिच्या नांवें दर वर्षीं कांहीं न ठेवणें म्हणजे खर्च वांचविणें नव्हे, तर कर्ज लपविणें होय.

याची उलट बाजूही रुळांनींच शिकविली. १८५७ च्या सुमारास इंग्लंडांतील डर्बी स्टेशनाजवळ, जेथें वाहतूक अतिशय होती, तेथें रॉबर्ट मशेट यांच्या पद्धतीनें केलेला पोलादी रूळ बसविण्यांत आला. त्या जागीं लोखंडी रूळ कांहीं महिन्यांतच बदलावे लागत. हा पोलादी रूळ १८७३ पर्यंत टिकला. पोलाद तेव्हां फार महाग होतें. एखाद्या कंपनीनें त्या दिवसांत पोलादी रूळ घेण्यास आरंभ केला असता, तर त्या सालीं तिच्या खर्चाचें प्रमाण वाढलेलें दिसलें असतें आणि केवळ एक वर्षाचा कागद पाहणाऱ्या भागधारकानें नाक मुरडलें असतें. पण पुढील दहा-पंधरा वर्षें तिच्या मार्गाचा खर्च कमी झाला असता. तेव्हां वाढलेला खर्च हा प्रत्येक वेळीं उधळेपणाच नसतो, आणि घटलेला खर्च हा प्रत्येक वेळीं शहाणपणाच नसतो.

हडसन प्रकरणानंतर लॉर्ड मंटिगल यांच्या अध्यक्षतेखालीं सरदारसभेच्या समितीनें १८४९ सालीं रेल्वे हिशेबांच्या तपासणीचा प्रश्न हातीं घेतला. परंतु ठोस कायदा होण्यास आणखी एक आपत्ति यावी लागली. मे १८६६ मध्यें लंडनची ओव्हरएंड गर्नी ही पेढी बुडाली, बाजारांत हाहाकार उडाला, आणि कांहीं रेल्वे कंपन्या अडचणींत सांपडल्या. त्यानंतर १८६८ सालीं पार्लमेंटानें रेल्वे नियमनाचा कायदा केला. त्या अन्वयें प्रत्येक कंपनीनें आपला सहामाही हिशेब एकाच ठराविक नमुन्यांत छापावा असें ठरलें. भांडवलाचें खातें वेगळें, चालू उत्पन्न-खर्चाचें खातें वेगळें. खर्चाचीही कलमवार फोड : मार्गाची देखभाल किती, इंजिनांचा खर्च किती, डब्यांची दुरुस्ती किती, वाहतुकीचा खर्च किती, कचेरीचा किती.

वरवर पाहतां ही नुसती कारकुनी सुधारणा वाटेल. पण तिचा परिणाम दूरवर झाला. नमुना एकच झाल्यामुळें एका कंपनीची दुसरीशीं आणि या वर्षाची दहा वर्षांपूर्वींशीं तुलना करणें प्रथमच सर्वांस शक्य झालें. मार्गाच्या देखभालीचें एखादें कलम सतत घटत आहे, आणि त्याच वेळीं गाड्या मात्र वाढत आहेत, हें आतां घरीं बसलेल्या भागधारकासही दिसूं लागलें. पुढें विसाव्या शतकाच्या आरंभीं नॉर्थ ईस्टर्न रेल्वेनें एक टन माल एक मैल नेण्यास किती खर्च लागतो, असा हिशेब ठेवण्याचा प्रघात पाडला, आणि विल्यम ॲक्वर्थ या अभ्यासकानें त्याचा हिरिरीनें पुरस्कार केला. या ॲक्वर्थसाहेबांची गांठ आपणांस हिंदुस्थानांत पुन्हां पडणार आहे.

आतां आपल्या देशाकडे वळूं. इंग्लंडांत हडसनचें सिंहासन कोसळत होतें, त्याच सालीं, म्हणजे १ ऑगस्ट १८४९ रोजीं, पार्लमेंटच्या कायद्यानें ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनी स्थापन झाली. १६ एप्रिल १८५३ रोजीं तिची पहिली गाडी बोरीबंदराहून ठाण्यास गेली. अंतर २१ मैल. १८६३ सालीं बोरघाटाची चढण पुरी झाली आणि मुंबई व पुणें यांची सलग गांठ पडली. हें काम थोर होतें यांत शंका नाहीं. पण तें ज्या करारावर उभें होतें, तो करार खर्चाच्या दृष्टीनें विलक्षण होता. कंपनीस जमीन फुकट मिळावयाची. आणि भांडवलावर शेंकडा पांच व्याजाची हमी सरकारनें घेतलेली. रेल्वेचें निव्वळ उत्पन्न पांच टक्क्यांहून कमी पडलें, तर तूट हिंदुस्थानच्या तिजोरींतून भरून द्यावयाची.

याचा अर्थ पाहा. कंपनीचे भागधारक बहुतेक इंग्लंडांत. खर्च शंभरांस पन्नास झाला काय किंवा शंभरांस नव्वद झाला काय, त्यांचे पांच टक्के कोठें जात नव्हते. इंग्लंडांतील कंपनीचा भागधारक सभेंत उभा राहून प्रश्न विचारीत होता, कारण त्याची स्वतःची पुंजी धोक्यांत होती. हिंदी रेल्वेच्या भागधारकास खर्चाचें पान उघडण्याचें कारणच उरलें नव्हतें. आणि ज्याच्या खिशांतून तूट भरली जात होती, त्या येथील शेतकऱ्यास त्या सभेंत जागा नव्हती. हिंदुस्थान सरकारचे माजी अर्थमंत्री विल्यम मॅसी यांनीं १८७२ सालीं पार्लमेंटच्या समितीपुढें साक्ष देतांना स्पष्ट सांगितलें, कीं काटकसरीस कोणताही हेतु उरला नव्हता. व्याजाची हमी असल्यावर भांडवलवाल्यास आपला पैसा हुगळी नदींत टाकला काय किंवा विटा-चुन्यांत घातला काय, सारखेंच होतें. ईस्ट इंडियन रेल्वेस दर मैलास सुमारें ३० हजार पौंड खर्च आला, असेंही त्यांनीं त्याच साक्षींत सांगितलें.

हें पान वाचण्याचें काम मग वाचलें तें पुण्यांतील माणसांनीं. गणेश व्यंकटेश जोशी हे सरकारी शाळांतील हेडमास्तर. १८५१ ते १९११ हा त्यांचा काळ. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकांतून त्यांनीं सरकारी आंकड्यांचीच छाननी करून देशाच्या अर्थकारणावर निबंध लिहिले, आणि त्यांत रेल्वेचा प्रश्नही होता. १८९७ सालीं गोपाळ कृष्ण गोखले लंडनला वेल्बी कमिशनपुढें साक्ष देण्यास गेले, तेव्हां त्यांच्या तयारीमागें जोशी यांचें अंकगणित उभें होतें. त्यांच्यापाशीं शेअर नव्हते, कारभाऱ्यांच्या ओळखी नव्हत्या, गुप्त कागद नव्हते. छापून प्रसिद्ध झालेले आंकडे, आणि ते वर्षानुवर्षें एकाखालीं एक मांडण्याची चिकाटी, एवढींच त्यांचीं साधनें. आजच्या गुंतवणूकदारानें आदर्श घ्यावयाचा तर तो या मास्तरांचा घ्यावा, असें मला वाटतें.

१९०० सालीं सरकारनें ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे विकत घेतली. कारभार मात्र १९२५ पर्यंत कंपनीकडेच राहिला. या मधल्या काळांत पहिलें महायुद्ध झालें आणि आपण वर पाहिलेली दुसरी रीत, म्हणजे दुरुस्ती पुढें ढकलण्याची रीत, येथें प्रचंड प्रमाणावर घडून आली. १९१४ ते १९१८ या वर्षांत विलायतेहून सामान येणें कठीण झालें. उलट येथील रूळ व इंजिनें रणभूमीकडे रवाना झालीं. वाहतूक तर वाढली होती. म्हणून उत्पन्न चांगलें, नूतनीकरणाचा खर्च थोडा, आणि सरकारी अंदाजपत्रकांत रेल्वेचा फायदा भरघोस. कागद पाहणाऱ्यास वाटावें, रेल्वेचें भाग्य उघडलें!

१९२० सालीं ॲक्वर्थ यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी समिति नेमली गेली. श्रीनिवास शास्त्री, पुरुषोत्तमदास ठाकुरदास आणि राजेंद्रनाथ मुखर्जी हे हिंदी गृहस्थ तींत होते. १९२१ च्या अहवालांत समितीनें जें चित्र रेखाटलें, तें त्या फायद्याचें खरें स्वरूप होतें. आधुनिक गाड्यांचा भार न पेलणारे पूल, मुदत उलटून गेलेले मैलोगणती रूळ, शेंकडों जुनाट इंजिनें आणि हजारों वाघिणी. जो फायदा वाटला, तो फायदा नव्हताच. ती रेल्वेची झीज होती आणि ती उत्पन्न म्हणून खर्च होऊन गेली होती. या अहवालाचें फळ म्हणून १९२४ सालीं रेल्वेचें अंदाजपत्रक सामान्य अंदाजपत्रकापासून वेगळें झालें, आणि दर वर्षीं झिजेपोटीं ठराविक रक्कम बाजूस काढण्यासाठीं घसारा निधि निर्माण झाला.

पुढें १९३० नंतर जागतिक मंदी आली, आणि प्रमाणाचा आणखी एक स्वभाव उघड झाला. रेल्वेचा पुष्कळसा खर्च गाडी रिकामी धांवो कीं भरलेली धांवो, होतच असतो. समजा, शंभर रुपये उत्पन्नामागें सत्तर रुपये खर्च आहे; त्यांतील चाळीस रुपये न हालणारे आणि तीस रुपये वाहतुकीबरोबर कमी-अधिक होणारे. उत्पन्न ऐंशींवर आलें, तर तिसांचे चोवीस होतील, पण चाळीस तसेच राहतील. एकूण खर्च चौसष्ट. म्हणजे शंभरांस सत्तराचें प्रमाण एकदम ऐंशी झालें आणि नफा तिसांवरून सोळांवर आला. येथें कोणी एक पैही उधळली नाहीं. १९३१-३२ पासून रेल्वेस सरकारी तिजोरींत नेहमींची रक्कम भरतां येईना, आणि घसारा निधींतून उसनवार करावी लागली, ती मुख्यतः या कारणानें. तेव्हां प्रमाण चढलें म्हणून कारभाऱ्यांवर तुटून पडण्यापूर्वीं उत्पन्न आटलें कीं खर्च फुगला, हें पाहिलें पाहिजे.

आपणांस वाटेल, या साऱ्या जुन्या गोष्टी. आतां कायदे कडक आहेत, हिशेब-तपासनीस आहेत. तर अमेरिकेंतील वर्ल्डकॉम या दूरध्वनी कंपनीची गोष्ट ऐका. ही कंपनी इतर कंपन्यांच्या तारा भाड्यानें घेऊन आपली वाहतूक नेत असे. हें भाडें म्हणजे तिचा सर्वांत मोठा चालू खर्च. २००० नंतर धंदा मंदावला, पण भाड्याचे करार कायम होते. म्हणजे प्रमाण चढावयास हवें होतें. तरी प्रसिद्ध हिशेबांत तें शंभरांस बेचाळिसांच्या आसपास स्थिर राहिलें. २५ जून २००२ रोजीं उघडकीस आलें, कीं सव्वा वर्षांत या खर्चापैकीं सुमारें ३८० कोटी डॉलर भांडवली खात्यांत नेऊन टाकले होते. कंपनीच्याच अंतर्गत हिशेब-तपासणी विभागानें तें शोधून काढलें. पुढील महिन्यांत कंपनीनें दिवाळें जाहीर केलें, आणि २००५ सालीं तिचे माजी प्रमुख बर्नार्ड एबर्स यांस पंचवीस वर्षांची शिक्षा झाली. हडसनपासून दीडशें वर्षें लोटलीं होतीं. युक्ति मात्र तीच होती. मंदीत सर्वांचें प्रमाण हालतें. ज्याचें हालत नाहीं, त्याच्याकडे दोनदां पाहावें.

आपली भारतीय रेल्वे ही शेअरांची कंपनी नव्हे. पण ती हें प्रमाण आजही जाहीर करते, म्हणून तिचा दाखला घेतों. २०१७-१८ सालीं तिचा खर्च शंभर रुपये उत्पन्नामागें ९८ रुपये ४४ पैसे दाखविला गेला. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनीं सांगितलें, कीं एनटीपीसी आणि इरकॉन या सरकारी कंपन्यांकडून घेतलेल्या आगाऊ रकमा उत्पन्नांत धरल्या नसत्या, तर तो १०२ रुपये ६६ पैसे झाला असता. २०१९-२० च्या बाबतींत त्यांनीं दाखविलें, कीं पेन्शनवरील प्रत्यक्ष खर्च पुरता धरला असता, तर ९८ रुपये ३६ पैशांचे ११४ रुपये ३५ पैसे झाले असते. यांत हडसनगिरी नाहीं. सारें अहवालांत उघड लिहिलेलें आहे. पण प्रमाणाला दोन बाजू असतात, वरची खर्चाची आणि खालची उत्पन्नाची, आणि दोहोंपैकीं कोणतीही हालविली तरी आंकडा बदलतो, हें यावरून कळतें.

या इतिहासापासून घरच्या गुंतवणूकदारानें काय घ्यावें? आपल्या देशांत २०१३ च्या कंपनी कायद्यानें नफातोटा पत्रकाचा नमुना ठरवून दिला आहे. कच्चा माल, नोकरवर्ग, व्याज, घसारा, इतर खर्च, अशीं कलमें त्यांत वेगळीं असतात आणि शेजारीं गतवर्षाचा आंकडा असतो. पण दोन वर्षें म्हणजे दोन बिंदू. त्यांवरून मार्गाची दिशा कळत नाहीं. एक साधी वही करावी. निदान दहा वर्षांचे अहवाल मिळवून प्रत्येक कलम त्या त्या सालच्या उत्पन्नाशीं शेंकडा किती, हें एकाखालीं एक लिहावें. नुसत्या रुपयांचे आंकडे लिहूं नयेत. महागाईनें ते वाढतच असतात आणि कांहींच सांगत नाहींत. त्याच धंद्यांतील दुसऱ्या एका कंपनीचे आंकडेही शेजारीं मांडावे, म्हणजे सर्वांवर आलेलें संकट कोणतें आणि हिचें स्वतःचें दुखणें कोणतें, हें वेगळें पडेल.

मग प्रश्न विचारावे. दुरुस्तीचें कलम घटतें आहे काय, आणि यंत्रें तर जुनींच आहेत काय? घसारा कमी झाला, तर यंत्रांचें आयुष्य कागदावर वाढविल्यामुळें तर नव्हे? याचें उत्तर हिशेबाखालच्या बारीक टिपांत असतें. नफा वर्षानुवर्षें वाढतो, पण धंद्यांतून रोकड येत नाहीं आणि भांडवली खर्च मात्र फुगतच जातो, असें तर नाहीं? तसें असेल तर तिसऱ्या रीतीची शंका घ्यावी. ‘इतर खर्च’ या पोतडींत दर वर्षीं नवें काय शिरतें? शेवटीं, खर्च वाढला असेल तर तो पोलादी रुळासारखा, उद्यांचा खर्च वांचविणारा आहे कीं काय, हेंही न्यायबुद्धीनें पाहावें.

एक लहानसें गणित सांगून थांबतों. शंभर रुपये उत्पन्न, सत्तर रुपये खर्च, नफा तीस. सत्तरांत दहा रुपये दुरुस्तीचे आहेत. कारभाऱ्यानें दहांचे चार केले. खर्च चौसष्टांवर आला, नफा छत्तीस झाला. म्हणजे नफा एका वर्षांत शेंकडा वीस वाढला! शेअरचा भाव चढेल, सभेंत टाळ्या पडतील. पण ते सहा रुपये कोठें गेले नाहींत; ते रुळांत, यंत्रांत, पुलांत ऋण होऊन बसले आहेत. तें ऋण फिटेल तेव्हां टाळ्या वाजविणारे शेअर विकून गेलेले असतील, आणि फेडावें लागेल तें त्यांच्यामागून विश्वासानें शेअर घेणाऱ्या कोणा पेन्शनरास किंवा मुलीच्या शिक्षणासाठीं पैसा सांठविणाऱ्या बापास. १८४९ सालीं सभेंत उभा राहून एक साधा प्रश्न विचारणारा तो भागधारक कांहीं मोठा पंडित नव्हता. त्यानें छापलेलें पान वाचलें होतें, एवढेंच. तें पान आजही छापलें जातें आणि आपल्या घरीं येतें. तें वाचावें, इतकेंच सुचवून मी आपली रजा घेतों.